सुटं, सुट्टे आणि सूट

जानेवारी उजाडला की आमच्या शाळेत गुरुजी लोक एकमेकांना नमस्कार करायचे नाहीत. ‘टॅक्स किती बसला?’ एवढंच विचारायचे. समोरच्यानं आधी सुस्कारा सोडायचा, मग आकडा सांगायचा. आकडा कमी असला तर माणूस हुशार ठरायचा, जास्त असला तर पैसेवाला. अब्रू कुठेच जायची नाही.

मराठीत टॅक्स भरायच्या आधी बसतो. जसा घसा बसतो, धंदा बसतो, तसा. एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. माझ्यावर तो गेली कितीतरी वर्षं बसून होता आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती. सवय कसली, थोडा माजच आला होता.

त्याला कारण आमचं गाव. नातेपुते म्हणजे माळशिरस तालुका, जिल्हा सोलापूर. एका अंगाला शिखर शिंगणापूरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ऊस. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी बरडहून निघाली की आमच्याकडे मुक्कामाला येते, हा गावाचा सगळ्यात मोठा मान. बाकी कारभार शेतीचा. आणि शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही. म्हणजे शंभर माणसांच्या जत्रेत छाती पुढे काढून ‘मी इन्कम टॅक्स भरतो’ म्हणणारे आम्हीच: मास्तर, बँकवाले, एखादा तलाठी. पेट्रोल पंपावर मी माझ्या दुचाकीत दोनशेचं टाकत असताना शेजारी एक काळीकुळकुळीत जीप येऊन थांबते. आतून एक जुना विद्यार्थी काच खाली करतो. ‘गुर्जी, तुमच्यामुळं देश चाललाय बघा.’ आणि टाकी फुल्ल करून निघून जातो. तो चेष्टा करतो हे मला कळतं. पण वाक्य खोटं नव्हतं ना! मी ते जपून ठेवलं होतं.

टॅक्स बसू नये म्हणून आम्ही जे करायचो त्याचं नाव ‘बचत दाखवणे’. हा शब्दप्रयोग नीट बघा. बचत करायची नसते, दाखवायची असते. कलम ८० सी खाली दीड लाखाची मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली आणि तिथेच राहिली. त्या दीड लाखात पीएफ, विम्याचे हप्ते, पोस्टाची सर्टिफिकिटं, घराच्या कर्जाचं मुद्दल, पोरांच्या शाळेची ट्यूशन फी, तीही दोनच पोरांपर्यंत, असं सगळं कोंबायचं. एसटीत मुंबईहून आलेला पाहुणा जसा एकाच सीटवर पोरं, पिशव्या आणि सासूबाई बसवतो, तसं. आमचे एक सहकारी दर फेब्रुवारीत विचारायचे, गणपतीची वर्गणी बसते का हो यात? केंद्रप्रमुख शांतपणे म्हणायचे, पावतीवर बाप्पाचा पॅन नंबर टाकून आणा.

वीस टक्क्यांच्या पट्टीत असताना दहा हजारांचा टॅक्स वाचवायला मी पन्नास हजारांच्या पॉलिसी काढल्या. बायकोनं एकदा कागद समोर ठेवले आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही जिवंत असेपर्यंत घरात साडीला पैसे नाहीत, आणि तुम्ही गेल्यावर आम्ही श्रीमंत. असला कसला बेत?’ मी म्हटलं, हा बेत माझा नाही, भारत सरकारचा आहे. ती म्हणाली, मग साडी तिकडून घ्या.

मग १ फेब्रुवारी २०२५ आला. शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटून मी घरी पोचतोय तोवर मोबाईल वाजायला लागले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात सांगून टाकलं की प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, आणि पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. मी गणित मांडलं. मग पुन्हा मांडलं. मग फळ्यावर मांडतात तसं रकाने पाडून मांडलं. उत्तर तिन्ही वेळा शून्य.

आनंद झाला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर तीच जीप आली आणि काच खाली झाली. ‘गुर्जी, आता देशाचं कसं?’

तुम्हाला गंमत वाटेल, पण माणसाच्या अंगावरून टॅक्स उठला की अंग उघडं पडतं. स्टाफरूममध्ये ‘किती बसला?’ विचारायची सोय राहिली नाही. सगळ्यांचंच शून्य. नव्या पद्धतीत ८० सी चालत नाही, त्यामुळे पॉलिसींचे कागद कपाटात नुसते पडून. त्यात १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा अख्खा कायदाच नवा आणि ८० सी चं कलम म्हणे १२३. ज्या कलमापायी तारुण्य घालवलं त्याचं नाव बदलावं, आणि तेही आपण त्याच्या दारात जायचं बंद झाल्यावर!

बुडत्याला काडीचा आधार तसा मला पगारपत्रकात एक रकाना सापडला. व्यवसाय कर. हा दिल्लीचा नव्हे, आपल्या महाराष्ट्राचा. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, एकूण २,५००. वर्षातला सगळ्यात आखूड महिना आणि कपात सगळ्यात लांब, हे कोडं मी अनेक वर्षं पोरांना घालत आलोय. उत्तर साधं आहे. दोनशेच्या हिशेबानं बारा महिन्यांचे २,४०० होतात, शंभर उरतात, ते कुठल्यातरी महिन्याच्या माथी मारायचे. फेब्रुवारी गरीब, तो बोलत नाही.

या कराचा इतिहास मात्र आमच्या भागाला जवळचा. १९७२ च्या दुष्काळात माणदेशानं आणि आमच्या बाजूनं काय भोगलं ते म्हातारी माणसं अजून सांगतात. खडी फोडली, बांध घातले, सुकडी खाल्ली. वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता, म्हणून १९७५ साली महाराष्ट्रानं हा व्यवसाय कर बसवला. शहरात पगार घेणाऱ्यानं थोडं द्यावं आणि रानात खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळावी. मला हा कर मनापासून आवडतो. संविधानाच्या २७६ व्या कलमात त्याला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा आहे, ती १९८८ मध्ये घातली आणि तेव्हापासून हललेली नाही. १९८८ चा भाव आजही कायम असलेली दुसरी वस्तू मला दाखवा. चहा सुद्धा नाही.

तर मी घरी जाहीर केलं की, या घरातला करदाता अजून मीच आहे. व्यवसाय कर, दरमहा दोनशे.

बायको तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘आणि मी काय भरते?’

म्हटलं, तू कशाला भरशील? बाईमाणसाला पंचवीस हजार पगारापर्यंत व्यवसाय कर माफ आहे, २०२३ पासून. आणि तुला तर पगारच नाही.

‘ते कळलं,’ ती म्हणाली. ‘उद्या यादी घेऊन दुकानात तुम्ही जा.’

आमचा वाणी जुना. बापाच्या वेळचं दुकान, लाकडी फळ्या, वर टांगलेली सुतळीची गुंडी. अजून कागदाचा पुडा बांधतो, पण सुतळी तोडताना आता क्यूआर कोडकडे बोट दाखवतो. मी यादी पुढे केली. पहिलीच ओळ होती: गूळ, एक किलो, सुटा. ‘सुटा’ खाली दोन रेघा.

‘शेठ, सुटाच का? ही पाकिटातली ढेप काय वाईट आहे?’

‘पाकीट पाच टक्के, गुर्जी. सुटा माफ.’

‘गूळ तोच?’

‘रवा तोच, ढेप तीच, माश्या तेवढ्या वेगळ्या.’

तिथं मला पहिल्यांदा उमगलं की, सरकार गुळावर टॅक्स घेत नाही, पाकिटावर घेतं. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या पिठाला, तांदळाला, डाळीला, मुरमुऱ्याला, दह्याताकाला पाच टक्के लागले. तोच माल शेठनं तुमच्यापुढे पोत्यातून काढून तागडीत टाकला की शून्य. तेव्हा गदारोळ झाला म्हणून अर्थमंत्र्यांनी जिनसांची यादीच प्रसिद्ध केली, की या सुट्या घेतल्यात तर काही लागणार नाही. वाण्याची यादी आणि अर्थमंत्र्यांची यादी एकसारखी असल्याचा भारताच्या इतिहासातला तो बहुधा एकमेव प्रसंग.

बरं, पाकीट तरी कोणतं? पंचवीस किलोपर्यंतचं. पंचवीसच्या वर गेलं की ते पाकीट राहत नाही, ठोक माल होतो, मग माफ. मग काय, लोकांनी सव्वीस किलोच्या पिशव्या काढल्या. एका किलोनं पिशवीची जात बदलते! दिंडीवाल्यांना हे फार आधीपासून अंगवळणी. पालखीबरोबर आमच्या गावात ट्रक येतात त्यात पीठ-तांदूळ पोत्यानं असतो. माउलींच्या मार्गावर कोणी पाव किलोचं पाकीट घेऊन चालत नाही.

त्याच्याही आधीची गंमत शेठनं सांगितली. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा टॅक्स फक्त नोंदणी केलेल्या ब्रँडच्या धान्यावर होता. मग व्यापाऱ्यांना आठवलं की आपला ब्रँड हा ब्रँडच नाही. पिशवीवर सिंह, सिंहाच्या मागे उगवता सूर्य, खाली भलंमोठं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात: या नावावरचा आमचा हक्क आम्ही स्वखुशीनं सोडला आहे. सरकारनंही नियम केला की हे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, न पुसणाऱ्या शाईनं छापलं पाहिजे. आपल्या सिंहाला आपला न म्हणण्याचा असला संन्यास पंढरीच्या वाटेवरही बघायला मिळत नाही.

‘पण शेठ, तुमच्या दुकानाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर तुम्हाला जीएसटीची नोंदणीच नको. मग तुमच्याकडून घेतलं की टॅक्स नाहीच ना?’ मी मास्तरी हुशारी दाखवली.

शेठनं बिस्किटाचा पुडा उचलला आणि मागची बारीक ओळ माझ्या चष्म्यासमोर धरली. किंमत, सर्व करांसहित. ‘मी भरो ना भरो, ह्यो आतच बसून येतो गुर्जी. अडीच टक्के दिल्ली, अडीच मुंबई.’

‘आणि नातेपुते?’

‘नातेपुत्याला घरपट्टी.’

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती, आणि त्याच दिवशी दर उतरले. बिस्किट अठरावरून पाचावर, तूप-लोणी बारावरून पाचावर, दंतमंजन, साबण पाचावर. वही, पेन्सिल, खोडरबर शून्यावर, म्हणजे माझ्या वर्गातली पोरं जेवढं पुसतील तेवढं आता करमुक्त. पनीर शून्यावर आलं. रोटी-चपाती पाचावर होती आणि पराठा अठरावर, तेही दोन्ही शून्यावर आले. सरकारी यादीत ‘कोणत्याही नावाची भारतीय रोटी’ अशा अर्थाचे शब्द आहेत, म्हणजे आमची भाकरीही त्यात आली. ज्या जिल्ह्यात मालदांडी ज्वारी पिकते तिथल्या भाकरीला करमाफीसाठी २०२५ पर्यंत थांबावं लागलं, हे मी जरा मनाला लावून घेतलं. मग आठवलं की आपण भाकरी कधी विकत घेतलीच नाही.

दर उतरले आणि दुकानात नवीनच घोटाळा झाला. पाच रुपयांचा बिस्किटपुडा साडेचारच्या आतबाहेर आला. एक रुपयाची गोळी अठ्ठ्याऐंशी पैशांवर. आता अठ्ठ्याऐंशी पैसे द्यायचे कसे? चार आण्याचं नाणं २०११ सालीच बंद झालं, आठ आण्याचं चालतं म्हणतात पण कोणी चालवत नाही. नातेपुत्यात सुट्टे नसले की इतकी वर्षं एक रीत होती: शेठ रुपयाऐवजी गोळी द्यायचा. गोळी हेच आमचं चलन. पण आता गोळीच अठ्ठ्याऐंशी पैशांची झाली, तर रुपयाच्या बदली ती दिली म्हणजे शेठनं माझे बारा पैसे खाल्ले की नाही? मी विचारलं. शेठनं डबा पुढे केला. ‘हिशेबात आठ गोळ्या घेतल्यात की नववी फुकट न्या. पोरांना शिकवता ना भागाकार?’ आठ बारे शहाण्णव. नववी गोळी अठ्ठ्याऐंशीची. आठ पैसे शेठच लागत होता.

किराण्यावर टॅक्स घ्यावा की पगारावर, हा तंटा इथलाच आहे असं नाही. अमेरिकेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथं किराणा मालावर सात टक्के विक्रीकर होता. २०२५ च्या मार्चमध्ये गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी कायद्यावर सही केली. १ जुलैपासून किराण्यावरचे सातचे पाच झाले, आणि राज्याचा इन्कम टॅक्स टप्प्याटप्प्यानं खाली आणत शेवटी शून्य करायचं ठरलं. गंमत पुढे आहे. वरच्या सभागृहाला हे काम सावकाश व्हायला हवं होतं. जादा महसूल एका ठरावीक रकमेच्या ८५ टक्क्यांवर गेला तरच पुढची कपात, अशी अट त्यांना घालायची होती. मसुद्यात टिंब पडलं आणि ८५ चे झाले ०.८५ टक्के. खालच्या सभागृहाच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी अजिबात आवाज न करता विधेयक आहे तसं मंजूर करून टाकलं. सहावीच्या पोरानं दशांश चिन्ह चुकवलं तर मी एक गुण कापतो. तिथं अख्ख्या राज्याचा इन्कम टॅक्स कापला गेला. माझ्या वर्गातल्या एका पोराचं भवितव्य मला एकदम उज्ज्वल दिसायला लागलं.

शेठचे वडील गल्ल्याशेजारी खुर्चीत असतात. विक्रीकर, व्हॅट, जीएसटी असे तीन राजे पाहिलेला माणूस. ते म्हणाले, व्हॅटच्या काळात दर मार्चला ते रेडिओ लावून बसायचे. २००५ साली व्हॅट आला, आणि महाराष्ट्राचा अर्थसंकल्प आला की एक लांबलचक यादी वाचली जायची, यांची करमाफी आणखी एक वर्ष चालू राहील: तांदूळ, गहू, डाळी, त्यांचं पीठ, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, जिरे, मेथी, धने, पापड, ओला खजूर, आणि सोलापुरी चादरी व टॉवेल. मी हसलो. धने-जिऱ्याच्या पंक्तीत चादर काय करते? म्हातारबुवा गंभीर झाले. ‘त्यात हसायचं काय? पाहुणा आला तर जेवायला वाढणार, हात पुसायला टॉवेल देणार आणि झोपायला चादर. सरकारला रीत माहीत होती.’ जीएसटी आल्यावर चादर पंक्तीतून उठली. आता ती टॅक्स भरून पांघरायची.

घरी आलो. पिशवी ठेवली. म्हटलं, आलं लक्षात.

‘नुसतं लक्षात येऊन काय उपयोग? पुरावे लागतात म्हणता ना तुम्ही.’ असं म्हणून बायकोनं फ्रीजवरचा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उतरवला. झाकण काढलं. आत कात्रीनं कापलेल्या पट्ट्या होत्या. तेलाच्या पिशवीची, चहाच्या पुड्याची, साखरेची, फरसाणाची, तुपाची, शेवयांची, हळदीची. प्रत्येक पट्टीवर तीच बारीक ओळ. डिसेंबर महिन्याच्या सगळ्या. रबरबँड लावलेलं. माझ्या ८० सी च्या फायलीला जन्मात कधी इतकं नीट लावलेलं नव्हतं.

‘सर्व करांसहित म्हणजे यात सर्व कोण कोण?’ तिनं विचारलं.

साबण-सोडा बाजूला ठेवून खायच्याच जिनसा धरायच्या असं ठरलं. बेरीज आली बरोबर ४,२००. तिनं लगेच पाच टक्के काढले. ‘दोनशे दहा. तुमच्यापेक्षा दहा रुपये जास्त.’

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, अगं, असं नाही. किमतीत टॅक्स आधीच धरलाय. म्हणजे ४,२०० भागिले १०५ गुणिले ५. होतात दोनशे.

‘म्हणजे तुमचे दोनशे, माझेही दोनशे.’

‘बरोबरी,’ मी म्हटलं. पण दहा रुपये कापल्याचा आनंद लपेना, म्हणून आणखी पुढे गेलो. ‘तरी वर्षाच्या हिशेबात मीच वर. फेब्रुवारीत माझे तीनशे जातात.’

तिनं कॅलेंडरचं पान उलटलं आणि पंधरा तारखेवर बोट ठेवलं. ‘फेब्रुवारीत महाशिवरात्र आहे. शिंगणापूरला जाणारे तुमच्याकडचे सगळे पाहुणे आपल्याकडेच उतरतात. एकूण बारा जण आहेत, आणि सगळ्यांचा उपवास.’

‘मग उपवासाला खर्च कमीच होईल की.’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मीच वर्गात समजावून सांगतो. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, वेफर्स, खजूर, साखर, चहा, पुन्हा चहा. शंभर रुपये टॅक्स भरायचा तर एकवीसशेचा पाकिटबंद माल लागतो. बारा उपाशी माणसांना तेवढं दुपारी चारपर्यंत सुद्धा पुरायचं नाही.

ती पट्ट्यांना पुन्हा रबरबँड लावत होती. डबा परत फ्रीजवर ठेवताना म्हणाली, ‘आणि हो, भगर तेवढी सुटी आणा.’